स्वस्त मोटारींची शर्यत आणि नियमांचे अर्थकारण

खेळाचे नियम करणे हे वरवर पाहता अगदी सोपे काम वाटते. गल्लीतील मुले विटीदांडूचा डाव मांडतात तेव्हा दांडूची लांबी, गल्लीची खोली आणि बाद होण्याची रीत त्यांनी पाच मिनिटांत ठरवलेली असते. मात्र हाच खेळ मोठी माणसे खेळू लागली आणि त्यात पैशाचा प्रवेश झाला, की पाच मिनिटांचे काम पाच वर्षांतही पुरे होत नाही. याचे एक बोलके उदाहरण म्हणून हौशी लोकांनी कमी पैशांत मोटारी बांधून लावलेल्या स्नेहाच्या शर्यतींकडे पाहता येईल. चार मित्र एकत्र येतात, "अमुक रकमेपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, त्या रकमेत मोटार उभी करायची आणि ती पळवायची" असे ठरवतात आणि हात हातात देऊन मोकळे होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण "खर्च" या साध्या शब्दाचा अर्थ काय, हे त्यांपैकी कोणीही ठरवलेले नसते.

मोटारींच्या शर्यती हा श्रीमंतांचा खेळ आहे, ही समजूत निराधार नाही. फॉर्म्युला वनसारख्या स्पर्धेतील संघांच्या खर्चावरही २०२१ पासून कायद्याने मर्यादा घालावी लागली, यावरून पैशाची ओढ किती अनावर असते हे ध्यानात यावे. परंतु याच खेळाचा एक गरीब भाऊ आहे आणि तो अनेक देशांत दीर्घकाळ नांदत आला आहे. भंगारातून आणलेली गाडी, भाड्याचे वेल्डिंग यंत्र, रविवारची सुटी आणि मित्रांची मदत एवढ्या भांडवलावर हा खेळ चालतो. तो गरिबांच्या आवाक्यात राहावा यासाठी निरनिराळ्या मंडळांनी जे नियम केले, त्यांचा इतिहास मनोरंजक आहेच. पण करआकारणी, निविदा, अनुदाने यांसारख्या गंभीर व्यवहारांचे नियम करणाऱ्यांनाही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पाचशे डॉलरची मर्यादा

अमेरिकेत २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथील मैदानावर एक विलक्षण शर्यत झाली. जे लॅम या मोटारविषयक लेखन करणाऱ्या पत्रकाराने ती भरवली होती. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जगद्विख्यात आहे. तिच्या नावाची थट्टा करून या शर्यतीला "ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स" असे नाव देण्यात आले. अमेरिकी बोलीत "लेमन" म्हणजे लिंबू हा शब्द फसव्या, रद्दी मोटारीसाठी वापरतात. मूळ नियम एवढाच होता, की मोटारीवर पाचशे डॉलरपेक्षा अधिक खर्च झालेला नसावा. नावात चोवीस तास असले तरी यांतील बहुतेक शर्यती दोन दिवसांत विभागून धावल्या जातात आणि वेगापेक्षा तगून राहण्याला त्यांत महत्त्व असते.

"लेमन" या शब्दाशी अर्थशास्त्राचेही जुने नाते आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. मोटार रद्दी आहे की चांगली हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि अखेरीस रद्दी तेवढी उरते, असे त्याचे प्रतिपादन होते. भारतातील सावकारी आणि पतपुरवठा यांचेही विवेचन त्याच निबंधात आढळते. या विचारासाठी त्याला २००१ साली अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्त मोटारींच्या शर्यतीत हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहतो. बाजारात विकणारा रद्दी गाडी चांगली म्हणून खपवतो, तर येथे स्पर्धक चांगली गाडी रद्दी म्हणून खपवू पाहतो. दोन्हीकडे रोगाचे मूळ एकच आहे. खरे काय ते एकालाच ठाऊक असते आणि खोटे बोलण्यात त्याचाच लाभ असतो.

खर्च म्हणजे काय?

पाचशे डॉलर किंवा पन्नास हजार रुपये, आकडा कोणताही घेतला तरी पुढील प्रश्न सुटत नाहीत. घराच्या मागे दहा वर्षे पडून असलेले इंजिन वापरले तर त्याचा खर्च शून्य धरायचा काय? मेहुण्याने भेट दिलेल्या टायरांची किंमत काय लावायची? तीनशेला गाडी घेतली आणि तिच्या आतील आसने व काचा काढून दोनशेला विकल्या, तर खर्च तीनशे धरायचा की शंभर? ज्याच्याकडे स्वतःचा लेथ आहे त्याने घरी कातून काढलेला दांडा फुकट, आणि ज्याच्याकडे लेथ नाही त्याने कारखान्यात कातून घेतलेला तोच दांडा मात्र पैशांचा, हा न्याय झाला काय?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यांतील प्रत्येक प्रश्न परिचयाचा वाटेल. पडून असलेल्या इंजिनाचा प्रश्न हा संधिव्ययाचा प्रश्न आहे. ते विकले असते तर जे पैसे आले असते, तो त्याचा खरा खर्च. घरच्या श्रमाचा प्रश्न तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेइतकाच जुना आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे सुप्रसिद्ध कोडे पाठ्यपुस्तकांतून अद्याप सांगितले जाते. अर्थशास्त्रज्ञांना जे कोडे निर्विवादपणे सोडवता आले नाही, ते रविवारच्या चहावर बसलेल्या चार मोटारवेड्यांनी सोडवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

तथापि त्यांनी काही व्यवहारी उत्तरे शोधली आहेत. अमेरिकेतील "ग्रासरूट्स मोटरस्पोर्ट्स" या नियतकालिकाने १९९९ पासून दोन हजार डॉलरच्या आसपासची मर्यादा घालून अशीच स्पर्धा चालवली. आपल्या हातांनी केलेले काम फुकट धरावे, मात्र दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलेले काम खर्चात मोजावे, हे तिचे मूलसूत्र आहे. गाडीचे सुटे भाग विकून आलेली रक्कम खर्चातून वजा करण्याची मुभा आहे, पण तीही एका मर्यादेपर्यंतच. अन्यथा घासाघीस करण्यात पटाईत असलेला व्यापारी उत्तम कारागिराला हरवील. या स्पर्धेत अनेक वर्षे एक गमतीची प्रथा होती. सन जितके, तितके डॉलर ही खर्चाची मर्यादा. म्हणजे वर्षाला एक डॉलरची वाढ. महागाई भत्त्याचे तक्ते जपून ठेवणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याने या वाढीवर मोर्चा काढला असता! तरीही त्या प्रथेला अर्थ होता. आकडा लक्षात राहत असे आणि आकड्याविषयी वाद उरत नसे.

लेमन्स शर्यतीने आणखी एक महत्त्वाचा निर्णय पहिल्यापासून घेतला. गाडी उलटल्यास चालकाचे रक्षण करणारा पोलादी पिंजरा, आसन, पट्टे, ब्रेक, चाके आणि टायर यांवरील खर्च पाचशे डॉलरमध्ये मोजायचा नाही. यामागील विचार सरळ आणि शहाणपणाचा आहे. सुरक्षिततेवरील पैसा मर्यादेत धरला, तर प्रत्येक स्पर्धक ब्रेकवरील दहा डॉलर वाचवून ते इंजिनावर घालील. नियमाने ज्या गोष्टीवर खर्च करण्याची शिक्षा दिली जाते, त्या गोष्टीत माणूस काटकसर करतो. बांधकामाच्या निविदा सर्वांत कमी दराला देण्याची प्रथा असलेल्या देशात हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. ठेकेदाराच्या दरपत्रकात मजुराचे शिरस्त्राण आणि सिमेंट एकाच बेरजेत येत असतील, तर बेरीज कमी करताना आधी कशाला कात्री लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मर्यादेचे तीन मार्ग

अशा शर्यतींच्या इतिहासाकडे पाहता खर्च रोखण्याचे तीन मार्ग स्पष्ट दिसतात. पैशावर मर्यादा घालणे हा पहिला, साहित्यावर मर्यादा घालणे हा दुसरा, आणि फसवणुकीपासून होणाऱ्या लाभावरच मर्यादा घालणे हा तिसरा. पहिल्या मार्गाच्या अडचणी वर पाहिल्याच आहेत. उरलेल्या दोहोंचा विचार अधिक उद्‌बोधक आहे.

साहित्यावर मर्यादा घालण्याचा उत्कृष्ट प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. १९३९ साली स्थापन झालेल्या "सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब" या मंडळाने ऑस्टिन सेव्हन या लहानशा, स्वस्त मोटारीच्या सुट्या भागांतून शर्यतीच्या गाड्या बांधण्याचा प्रकार युद्धोत्तर काळात रूढ केला. १९२२ ते १९३९ या काळात लाखोंच्या संख्येने निघालेली ही मोटार युद्धानंतर भंगारात सहज मिळत असे. सर्वांचे इंजिन एकच, ७४७ घनसेंटिमीटरचे. मग पैसे ओतणार कोठे, असा हा हिशेब होता. पण पैशाची वाट बंद झाली तरी बुद्धीची उघडी राहते. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९५१ साली आपल्या लोटस गाडीत त्या जुन्या इंजिनाची एक खोड नियमांच्या चौकटीत राहूनच काढून टाकली. त्या इंजिनात दोन सिलिंडरांना मिळून हवा-इंधनाची एकच वाट असे. चॅपमनने आतून पडदा घालून त्या वाटा वेगळ्या केल्या, आणि त्याची गाडी इतरांपुढे इतकी निघून गेली की पुढे मंडळाला ही युक्ती नियमाने बंद करावी लागली. दुसऱ्याच वर्षी त्याने स्वतःचा मोटार-कारखाना काढला आणि पुढे त्याच्या लोटस गाड्यांनी फॉर्म्युला वनमध्ये विश्वविजेतेपदे मिळवली.

चॅपमनने फसवणूक केली काय? मुळीच नाही. त्याने नियमाचे अक्षर पाळले आणि आपली कल्पकता वापरली. मंडळाने ती बंदी घालून चूक केली काय? तसेही म्हणता येत नाही. एकाच माणसाला जिंकता येईल अशा स्पर्धेत दुसऱ्या वर्षी कोणी उतरत नाही. कल्पकतेला वाव हवा आणि इतरांचा उत्साहही टिकला पाहिजे, या दोन इष्ट गोष्टींमधील हा तिढा आहे. त्यावर एकदाच काढलेला कायमचा तोडगा नसतो, दरवर्षी नव्याने समतोल साधावा लागतो.

साहित्याच्या मर्यादेतील दुसरा दोष काळाच्या ओघात उघड होतो. जी वस्तू स्वस्त आणि मुबलक म्हणून नियमात घातली, ती नियमामुळे आणि वयामुळे दुर्मीळ होते. ऑस्टिन सेव्हनचे भंगार पुढे पुराणवस्तू ठरले आणि मंडळाला रिलायंटसारखी निराळी इंजिने मान्य करावी लागली. रेशनच्या दुकानात नियंत्रित भावाची वस्तू दिसेनाशी होते, त्याच जातीचा हा अनुभव आहे.

विक्रीची तलवार

तिसरा मार्ग सर्वांत चतुर आहे. स्वीडन, फिनलंड आदी उत्तरेकडील देशांत जुन्या गाड्यांच्या लोकप्रिय शर्यती दीर्घकाळ चालत आल्या आहेत. स्वीडनमध्ये त्यांना "फोकरेस" म्हणजे लोकांची शर्यत असे म्हणतात. तेथे खर्चाच्या पावत्या कोणी तपासत बसत नाही. नियम एवढाच, की शर्यत संपल्यावर ठरावीक, सर्वांना सारख्या असलेल्या किमतीला कोणीही पात्र इच्छुक तुमची गाडी मागू शकतो आणि ती तुम्हाला द्यावीच लागते. एकाहून अधिक इच्छुक असल्यास चिठ्ठ्या टाकतात. गाडी देण्यास नकार देणाऱ्याला शर्यतीच्या परवान्यावर पाणी सोडावे लागते. ठरलेल्या किमतीच्या तिप्पट खर्च गाडीवर खुशाल करा. पण संध्याकाळी ती तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत शेजाऱ्याच्या दारात उभी राहील. अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींतही हीच पद्धत एका वर्गासाठी रूढ आहे. लेमन्स शर्यतीच्या संयोजकांनीही गाडी पाचशे डॉलरला विकत घेण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला होता.

ही कल्पना नवी नाही. प्राचीन अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकांवर सार्वजनिक कार्याच्या खर्चाचा भार टाकला जाई. आपल्यापेक्षा अमुक गृहस्थ अधिक श्रीमंत आहे असे ज्याला वाटे, तो त्या गृहस्थाला आव्हान देऊ शके. एक तर हा भार तू उचल, नाही तर तुझी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे. विसाव्या शतकाच्या साठीत अर्नोल्ड हार्बर्गर या अर्थशास्त्रज्ञाने मालमत्ता करासाठी अशीच सूचना केली होती. मालकाने आपल्या मालमत्तेची किंमत स्वतः जाहीर करावी, त्यावर कर भरावा आणि त्या किमतीला कोणी मागितल्यास ती विकावी.

भारतानेही हा प्रयोग करून पाहिला आहे. आयकर कायद्यात १९८६ साली प्रकरण वीस-क समाविष्ट झाले. प्रारंभी मुंबईसह चार महानगरांत लागू झालेल्या या तरतुदीनुसार मोठ्या रकमेच्या स्थावर व्यवहारात दस्तात दाखवलेल्या किमतीला ती मालमत्ता विकत घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. काळ्या पैशाचा भाग लपवून किंमत कमी दाखवणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार होती. परंतु मालमत्ता का घेतली जात आहे हे संबंधितांना कळण्याची आणि त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याची पुरेशी सोय कायद्यात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली अशी सुनावणी आवश्यक ठरवली आणि २००२ पासून ही योजना गुंडाळण्यात आली. स्वीडनमधील शर्यतीत मात्र ही पद्धत टिकून राहिली, याची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. तेथे गाडी घेणारा दूरस्थ अधिकारी नसून त्याच खेळातील जाणकार असतो. किंमत सर्वांना आधीपासून माहीत असते. आणि आज ज्याची गाडी गेली त्याला उद्या दुसऱ्याची मागण्याचा तितकाच हक्क असतो. तलवार सर्वांच्याच डोक्यावर सारख्या उंचीवर टांगलेली असली, की ती अन्यायाची वाटत नाही.

तरीही या मार्गाची एक मर्यादा आहे, आणि हौशी मोटारबांधणीच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. सक्तीच्या विक्रीमुळे गाडीत ओतलेल्या पैशाला आळा बसतो, त्याचप्रमाणे गाडीत ओतलेल्या श्रमालाही बसतो. दोन उन्हाळे खपून ज्याने भंगाराला हातांनी आकार दिला, त्याची गाडी संध्याकाळी ठरावीक किमतीला दुसऱ्याने उचलून न्यावी, यात पैसेवाल्याला शिक्षा झाली नसून कारागिराला झाली. म्हणून ज्या स्पर्धेत चालवण्याच्या कौशल्याचा गौरव करायचा आहे तेथे सक्तीची विक्री उत्तम. ज्या स्पर्धेत बांधण्याच्या कौशल्याचा गौरव करायचा आहे तेथे स्वतःचे श्रम फुकट धरणारी पैशाची मर्यादाच योग्य. नियम कोणता करावा हा प्रश्न दुय्यम आहे. मान कशाला द्यायचा हे आधी ठरले पाहिजे. अनेक स्पर्धा आणि अनेक सरकारी योजना बिघडतात त्या या क्रमाचा विसर पडल्यामुळे.

बक्षीस मोठे, तर मोह मोठा

नियम कितीही काटेकोर केले तरी ते मोडण्यापासून होणारा लाभ मोठा असेल तर ते मोडले जातात. याचा एक दुःखद दाखला अमेरिकेतील मुलांच्या "सोप बॉक्स डर्बी"ने दिला. इंजिन नसलेल्या, केवळ उताराच्या बळावर धावणाऱ्या गाड्या मुलांनी स्वतः बांधायच्या, अशी ही स्पर्धा १९३४ साली ओहायो राज्यातील डेटन येथे सुरू झाली आणि लगेच अॅक्रन शहरी स्थिरावली. पुढे तिला राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली आणि त्या प्रतिष्ठेबरोबर पालकांची महत्त्वाकांक्षाही आली. १९७३ साली विजेत्या ठरलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीचा क्ष-किरणांनी तपास झाला, तेव्हा तिच्या नाकात विद्युतचुंबक दडवलेला आढळला. मुलाने डोके मागे टेकले की चुंबक सुरू होई आणि सुरुवातीची पोलादी फळी खाली पडताना गाडीला पुढे ओढून घेई. बॅटरी उतरत गेली तशी त्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मंद होत गेली, आणि त्यावरून संशय बळावला. दोन दिवसांत विजेतेपद काढून घेण्यात आले. त्या मुलाचा पालक असलेला नातेवाईक स्वतः धनाढ्य अभियंता होता आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोचले.

या प्रकरणात मुलाला दोष देणे निरर्थक आहे. मुलांची स्पर्धा म्हणून जी चालू होती ती वडीलधाऱ्यांची झाली होती, हे खरे दुखणे होते. कालांतराने तेथे संयोजकांकडूनच ठरावीक सुट्या भागांचे संच घेण्याची पद्धत आली. फसवणुकीला वाव कमी झाला, पण फळकुटे आणि खिळे घेऊन आपल्या मनातील गाडी घडवण्याचा जो आनंद होता, तोही त्या प्रमाणात उणावला. अविश्वासाची किंमत अखेरीस प्रामाणिक स्पर्धकांनाच मोजावी लागते.

लेमन्स शर्यतीचे शहाणपण येथे दिसून येते. तिच्यातील रोख बक्षीस मुळातच किरकोळ, आणि तेही सुट्या नाण्यांच्या जड थैल्यांतून दिले जाई. सर्वांत मोठा मान पहिल्या आलेल्या गाडीला मिळत नाही. सर्वांत निरुपयोगी गाडीकडून ज्या संघाने सर्वांत अधिक काम करून घेतले, त्याला तो दिला जातो. गाड्या त्यांच्या कुवतीनुसार तीन वर्गांत विभागतात, म्हणजे डबड्याची लढत डबड्याशीच होते. मर्यादेपेक्षा अधिक वाटणाऱ्या प्रत्येक दहा डॉलरमागे एक फेरी दंड, हा निवाडा पंच तोंडी करतात आणि त्यावर अपील नाही. पंचांना लाच देण्याची प्रथा तर उघड आहे. खाण्यापिण्याच्या वस्तू सर्वांदेखत दिल्या जातात आणि हसण्यावारी नेल्या जातात. नियमभंग करणाऱ्या चालकाला दंड म्हणून कधी विदूषकी सोंग घेऊन उभे केले जाते, तर कधी त्याच्या गाडीच्या टपावर पत्र्याचा प्राणी वेल्डिंगने जोडला जातो. ज्याने शर्यतीत पैसा ओतला तो येथे गुन्हेगार ठरत नाही, हास्यास्पद ठरतो. दंडापेक्षा हशाची भीती माणसाला अधिक वाटते, हे गावच्या पारावर बसणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे.

पंचांच्या मर्जीवर एवढे सोपवणे धोक्याचे नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. मोठ्या दाव्याच्या व्यवहारात तो निःसंशय बरोबर आहे. जेथे माणसाची जमीन, नोकरी किंवा इज्जत पणाला लागलेली असते, तेथे लेखी नियम, सुनावणी आणि अपील यांना पर्याय नाही. प्रकरण वीस-क ची कथा हेच सांगते. परंतु जेथे हरण्याने कोणाचे काही बिघडत नाही, तेथे पन्नास पानी नियमावली करणे म्हणजे वकिलीला आमंत्रण होय. आपल्याकडील भिशी कोणत्याही छापील घटनेवाचून चालते, ती परस्परांची ओळख असल्यामुळे आणि रकमा झेपण्याजोग्या असल्यामुळे. भिशीची रक्कम आवाक्याबाहेर वाढली की तीच भिशी बुडते. स्नेहाच्या स्पर्धेचेही तसेच आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतात या प्रकाराला अगदीच पार्श्वभूमी नाही असे नाही. अमेरिकेतील विद्यापीठांतून १९७६ साली "मिनी बाहा" आणि १९८१ साली "फॉर्म्युला एसएई" या विद्यार्थ्यांच्या वाहनबांधणी स्पर्धा सुरू झाल्या. त्यांतील पहिलीच्या धर्तीवर २००७ पासून इंदूरजवळील पिथमपूर येथे "बाहा एसएई इंडिया" ही स्पर्धा भरू लागली आणि महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तीत हिरिरीने उतरत आले आहेत. तेथे सर्वांना एकाच प्रकारचे इंजिन आणि खर्चाच्या अहवालाला गुण अशी व्यवस्था आहे. तथापि एका गाडीमागे होणारा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि प्रायोजक मिळवण्याची ताकद सर्व महाविद्यालयांत सारखी नसते. शहरातील नामांकित महाविद्यालयाचा संघ आणि तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या महाविद्यालयाचा संघ यांतील अंतर गाडी मैदानावर येण्यापूर्वीच पडलेले असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना तर या मांडवात पाऊलही ठेवता येत नाही. वेल्डिंग, कातकाम आणि इंजिनाची दुरुस्ती प्रत्यक्ष हातांनी करणारी मुले मात्र तीच आहेत.

यासाठी जिल्हा पातळीवर अल्प खर्चाची, स्नेहाची मोटारबांधणी स्पर्धा सुरू करण्याजोगी आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याजवळ भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत यासाठी लागणारे कौशल्य आणि भंगार दोन्ही भरपूर आहे. अर्थात अशा गाड्या रस्त्यावर आणता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावरील इतरांच्या जिवाचा विचार करता ते योग्यच आहे. बंदिस्त मैदान, रुग्णवाहिका, अग्निशमनाची सिद्धता आणि विमा या गोष्टी संयोजकांनी पदरच्या खर्चाने कराव्यात. त्यांत स्नेहाची सवलत नसावी.

उरलेल्या नियमांसाठी वर पाहिलेल्या अनुभवांतून पाच-सहा कलमे सहज निघतात. खर्चाची मर्यादा एकच गोल आकड्याची असावी आणि ती दर तीन वर्षांनी भंगाराचा बाजारभाव पाहून बदलावी. सुरक्षिततेचे सर्व साहित्य मर्यादेबाहेर ठेवावे, आणि त्याच्या तपासणीत मात्र तिळमात्र सवलत देऊ नये. संघातील सभासदांनी स्वतः केलेले काम फुकट. बाहेरून करून घेतलेले काम चालू दराने मोजावे. भेट मिळालेल्या भागाला जुन्या बाजारातील किंमत लावावी. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे त्या दिवसांपुरती इतर संघांनाही वापरू द्यावीत, म्हणजे ज्याच्याकडे लेथ नाही त्याची अडचण दूर होईल. बक्षीस रोख नसावे. आणि पंच म्हणून अधिकाऱ्यांऐवजी त्या गावातील दोन जुने, जाणते मिस्त्री बसवावेत. कोणता दांडा भंगारातला आणि कोणता नवा, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्यांच्यासमोर खोटी पावती दाखवण्याचे धाडस त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला होणार नाही.

या कलमांतून पळवाटा निघणार नाहीत असे नव्हे; त्या निघतीलच. चॅपमनसारखा एखादा मुलगा नियमाच्या दोन शब्दांमधून आपली गाडी बाहेर काढील. त्या वर्षी त्याला जिंकू द्यावे, त्याची पाठ थोपटावी आणि पुढच्या वर्षीसाठी नियमात एक ओळ वाढवावी. नाकात चुंबक दडवणाऱ्याला मात्र त्याच संध्याकाळी घरी पाठवावे. पहिल्याने सर्वांपुढे आपले कसब मांडले आणि दुसऱ्याने सर्वांपासून काही लपवले, एवढा भेद ओळखता आला की नियमावलीची जाडी किती आहे याची फारशी काळजी करण्याचे कारण उरत नाही. हा भेद मिस्त्रीला कळतो, मुलांना कळतो. जो कायद्यांच्या पुस्तकांत हरवतो, तो मैदानावर शिकता आला तर पाचशे डॉलरचा असो वा पन्नास हजार रुपयांचा, तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.